अम्मू म्हणजेच मेरी रॉय का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

अरुंधती रॉय यांचं आई मेरी रॉय यांच्याविषयीचं आठवणींचं पुस्तक, 'मदर मेरी कम्स टू मी', सप्टेंबर 2025 मध्ये आलं आणि अनेकांनी कपाटातली 'द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज' पुन्हा खाली काढली. ही कादंबरी 1997 ची, आणि त्याच वर्षी तिला बुकर मिळालं. अम्मू ही तिच्यातली जुळ्या मुलांची आई. मध्ये 2017 साली 'द मिनिस्ट्री ऑफ अटमोस्ट हॅपिनेस' ही दुसरी कादंबरी येऊन गेली. आलेल्या पत्रांत तिचा उल्लेख जवळपास नाहीच, म्हणून आम्हीच तो जागोजागी आणला आहे. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत आणि लांबलेले प्रश्न कापले आहेत. उत्तरांमध्ये दोन्ही कादंबऱ्यांतले महत्त्वाचे प्रसंग उघड होतात. कुणाला ते आधी कळायला नको असतील तर हे सदर कादंबऱ्या वाचून झाल्यावर वाचावं.

प्रश्न (पुणे) : तिन्ही पुस्तकं वाचायची आहेत. क्रम काय ठेवू? आधी आठवणी वाचल्या तर कादंबरी सोपी जाईल असं मैत्रीण म्हणते.

सोपी जाईल, पण लहानही होईल. आठवणींच्या पुस्तकात मामा आहे, मामाचा लोणची-मसाल्यांचा कारखाना आहे, नदी आहे, आजोळचं घर आहे. ते डोक्यात घेऊन कादंबरी उघडली की प्रत्येक पानावर 'हा तो, ही ती' अशी ओळखपरेड सुरू होते आणि वाक्यांकडे लक्ष राहत नाही. शिवाय कादंबरी कशी लिहिली गेली हेही आठवणींमध्ये येतं, आणि ते कादंबरी न वाचलेल्या माणसाला काहीच सांगत नाही. तेव्हा पहिली कादंबरी, दुसरी कादंबरी, मग आठवणी. दुसरी कादंबरी जाड आहे आणि दिल्लीतल्या अंजुम या पात्राच्या गोष्टीपासून काश्मीरपर्यंत पसरलेली आहे. सगळी झेपली नाही तरी टिलो या पात्राचे भाग सोडू नका. कारण पुढच्या उत्तरात येईल.

अपवाद एकच. पहिली कादंबरी दोन-तीनदा हातात घेऊन पहिल्या प्रकरणातच अडकला असाल, तर खुशाल आठवणींपासून सुरुवात करा. न वाचण्यापेक्षा उलट्या क्रमाने वाचलेलं बरं.

प्रश्न (सांगली, याच आशयाची पत्रं ठाणे, बेळगाव आणि इंदूरहून) : अम्मू म्हणजेच मेरी रॉय ना? मग कादंबरी म्हणायचं कशाला? नावं बदलून आत्मचरित्रच लिहिलं आहे.

सामग्री घरची आहे यात वाद नाही. आईचं कुटुंब सिरियन ख्रिस्ती, म्हणजे केरळातल्या जुन्या ख्रिस्ती समाजातलं, नवरा बंगाली, आसामातल्या चहाच्या मळ्यावर नोकरीला आणि दारूच्या आहारी गेलेला. लग्न मोडून दोन लहान मुलांसह परतलेली बाई. मामा ऑक्सफर्डला ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर शिकून आलेला आणि पुढे लोणच्याचा कारखाना काढणारा. कोट्टायमजवळचं गाव आणि मीनाचल नदी. हे सगळं दोन्हीकडे आहे.

पण जुळणाऱ्या गोष्टी मोजण्यात वेळ जातो, हाती काही लागत नाही. न जुळणाऱ्या गोष्टी मांडा. कागदावर तीन रकाने आखा : आठवणींत काय आहे, कादंबरीत काय आहे, आणि या बदलाने काय साधलं. तिसरा रकाना भरता आला नाही तर तो बदल अजून समजलेला नाही असं धरा.

सुरुवात आईपासूनच करा. मेरी रॉय यांनी 1967 मध्ये कोट्टायमला शाळा काढली, तीही रोटरी क्लबच्या हॉलमध्ये. संध्याकाळी तिथे क्लबच्या सभासदांची बैठक बसायची, आणि सकाळी ग्लास-थोटकं उचलून मुलांची शाळा भरायची. पुढे वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी शाळेच्या इमारती बांधल्या आणि आज ती 'पल्लिकूडम' या नावाने ओळखली जाते. मेरी रॉय भावाविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेल्या, जिंकल्या, आणि 1 सप्टेंबर 2022 रोजी 88 व्या वर्षी गेल्या. कादंबरीतल्या अम्मूला शाळा नाही, कोर्ट नाही, उत्पन्न नाही. ती आलेप्पीच्या एका लॉजमध्ये एकटी मरते, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. म्हणजे लेखिकेने आईच्या आयुष्यातून तिची सत्ता वजा केली आणि मग तशा बाईचं त्या गावात काय झालं असतं ते लिहिलं. हे नाव बदलून लिहिलेलं आत्मचरित्र कसं होईल? हे त्या आयुष्याचं न घडलेलं रूप आहे.

दुसरा बदल भावंडांचा. प्रत्यक्षात थोरला भाऊ आणि धाकटी बहीण. कादंबरीत एस्था आणि राहेल जुळी, एकमेकांची स्वप्नंसुद्धा आठवणारी. यामुळे एकाच्या अंगावर आलेला प्रसंग दुसऱ्याला न सांगता कळू शकतो. कादंबरीचं निम्मं तंत्र या एका बदलावर उभं आहे. आठवणींमध्ये मात्र भावाची आठवण आणि बहिणीची आठवण वेगळी राहते, कधी एकमेकींना छेद देते. आई गेल्यावर बहिणीला एवढं दुःख का व्हावं, तिने तर सर्वांत वाईट तुलाच वागवलं, असं भाऊ बोलून दाखवतो. कादंबरीतल्या जुळ्यांना असा प्रश्न एकमेकांना विचारण्याची गरजच पडली नसती.

तिसरी गोष्ट मामाची. तो जवळपास जसाच्या तसा चाको होऊन आला आहे, आणि आमच्या मते म्हणूनच चाको हे कादंबरीतलं सर्वांत मजेदार आणि सर्वांत कमी गूढ पात्र आहे.

आता टिलो. मेरी रॉय कादंबरीत शोधायच्याच असतील तर चुकीच्या कादंबरीत शोधू नका. 'मिनिस्ट्री'मध्ये टिलोची आई मरियम आइप आहे. केरळातली सिरियन ख्रिस्ती, नावाजलेली शाळा चालवणारी, दम्याने त्रस्त. ती कोचीच्या इस्पितळात अतिदक्षता विभागात भ्रमात बडबडते आणि मुलगी ते शब्द उतरवून घेते. शाळा, दमा, दरारा सगळं इथे आहे, आणि हे छापलं गेलं तेव्हा मेरी रॉय हयात होत्या. आठवणींतलं लेकीचं कामही आठवा : आईला दम्याचा झटका आला की आपणच तिचं फुप्फुस व्हायचं, असं लहानपणी या मुलीला वाटायचं. मरियम आइपच्या खाटेशेजारी वही घेऊन बसलेली टिलो तेच काम वेगळ्या रीतीने करते आहे.

प्रश्न (मडगाव) : आमच्याकडे ख्रिस्ती मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वाटा असतोच. मग अम्मू हक्क का मागत नाही? ती एवढी बंडखोर दाखवली आहे.

गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या वारसा नियमांमुळे मुलगा आणि मुलगी सारखे वारस ठरतात, आणि मृत्युपत्र केलं तरी मालमत्तेचा निम्मा भाग त्यांच्यासाठी राखीव राहतो. कोट्टायम ज्यात होतं त्या त्रावणकोर संस्थानात तसं नव्हतं. तिथे 1916 चा, म्हणजे मल्याळम सन 1092 चा, ख्रिस्ती वारसा कायदा होता. वडील मृत्युपत्र न करता गेले तर मुलीला मुलाच्या वाट्याचा एक चतुर्थांश किंवा 5,000 रुपये, यांपैकी जे कमी असेल ते मिळे. स्त्रीधन दिलं असेल किंवा कबूल केलं असेल तर तेही नाही. विधवेचा हक्क हयातीपुरता, आणि पुनर्विवाह केला की तो संपला.

मेरी रॉय यांना हा कायदा पुस्तकातून कळला नाही. नवऱ्याला सोडून त्या मुलांसह उटीला वडिलांच्या रिकाम्या बंगलीत राहत होत्या. मुलीला हक्क नाही असं म्हणत आई आणि भाऊ त्यांना बाहेर काढायला आले. तिथल्या वकिलाने सांगितलं की तो कायदा तमिळनाडूत चालत नाही, म्हणून त्या वेळेपुरतं छप्पर राहिलं. 1983 मध्ये त्या राज्यघटनेच्या कलम 32 खाली थेट सुप्रीम कोर्टात गेल्या. वकील होत्या इंदिरा जयसिंग. 24 फेब्रुवारी 1986 ला सरन्यायाधीश भगवती आणि न्यायमूर्ती पाठक यांच्या पीठाने निकाल दिला. 1951 च्या एका केंद्रीय कायद्याने 1925 चा भारतीय वारसा कायदा त्रावणकोर-कोचीनला लागू झाला होता, त्यामुळे जुना कायदा 1 एप्रिल 1951 पासूनच संपला, असं कोर्टाने म्हटलं. समतेच्या कलम 14 चा मुद्दा याचिकेत होता, पण त्यावर निर्णय देण्याची गरज कोर्टाला पडली नाही. 'समानतेच्या हक्कावर जिंकलेला खटला' असं याबद्दल नेहमी लिहिलं जातं, ते बरोबर नाही.

आता कादंबरीकडे. गोष्ट घडते डिसेंबर 1969 मध्ये. अम्मू कारखान्यात चाकोइतकंच काम करते, तरी तो 'माझा कारखाना' म्हणतो, आणि ते त्या काळच्या समजुतीप्रमाणे बरोबरच होतं. मुलीला उभं राहायला जागा नाही, हे जुळ्यांच्या कानावर पडलेल्या 'लोकस स्टँडाय' (दाद मागण्याचा अधिकार) या वकिली शब्दाच्या मोडतोडीतून येतं. पण 1986 च्या निकालाचा अर्थ मागे लावून पाहा. अम्मूचा बाप पप्पाची 1951 नंतर गेला आहे, कारण अम्मू नवऱ्याला सोडून आली तेव्हा तो जिवंत होता. त्याने मृत्युपत्र केलं नसेल तर 1969 मध्ये त्याच्या मालमत्तेत अम्मूचा चाकोइतकाच हक्क कायद्याने होता, फक्त तो तिला, चाकोला, गावातल्या वकिलांना, कुणालाच ठाऊक नव्हता. बंडखोरी असून भागत नाही, कलम ठाऊक लागतं.

प्रश्न (रत्नागिरी) : आमच्या वाचनकट्ट्यात आठ जण आहोत. पहिली कादंबरी घेतली आणि काळाच्या उड्यांमुळे चौघांनी सोडली. उरलेल्यांना कसं सांभाळावं?

एकूण 21 प्रकरणं आहेत. 3, 5, 7, 9, 12 आणि 17 ही मुख्यतः 1993 मध्ये घडतात : राहेल एकतीस वर्षांची होऊन अमेरिकेतून परतली आहे, एस्था बोलायचा थांबला आहे, घर मोडकळीला आलं आहे. पहिलं प्रकरण मिश्र आहे. बाकीची मुख्यतः 1969 ची आहेत आणि त्यांचा गाभा अवघ्या दोन आठवड्यांचा आहे : चाकोची मुलगी सोफी मोल इंग्लंडहून नाताळसाठी येते तिथपासून ती नदीत बुडते तिथपर्यंत. तिसरा थर याहून जुना आहे, अम्मूचं लग्न, पप्पाचीचा पतंग-कीटक, चाकोचं ऑक्सफर्ड. तो स्वतंत्र प्रकरणांत येत नाही, इतर दोन थरांत विखुरलेला आहे. लोक हरवतात ते इथेच, 1969 आणि 1993 मध्ये नव्हे.

तीन कागद घ्या, प्रत्येक थराला एक. वाचताना तारीख लिहू नका, प्रसंग लिहा आणि शेजारी प्रकरणाचा आकडा टाका. आकाशी प्लिमथ गाडी, अभिलाष टॉकीज, विमानतळ, होडी, पोलिस ठाणं एवढ्या पाच खुणा सापडल्या की 1969 चा कागद आपोआप सरळ होतो. काही जण प्रकरणं काळाच्या क्रमाने लावून वाचतात. तसं करू नका. सोफी मोल मरणार हे पहिल्याच प्रकरणात सांगून टाकलेलं आहे, ते उगीच नाही. काय झालं हा प्रश्न आधीच संपवल्यामुळे वाचक कोणी काय केलं आणि कोण गप्प बसलं याकडे पाहू लागतो. क्रम लावला की ती एका अपघाताची दुःखद गोष्ट उरते.

बैठका चार ठेवा : 1 ते 4, 5 ते 10, 11 ते 17, 18 ते 21. पहिल्या बैठकीआधी सभासदांना सांगून ठेवा की चौथ्या प्रकरणात लहान मुलाचं लैंगिक शोषण आहे आणि अठराव्यात पोलिसांची मारहाण तपशिलाने आहे. न सांगता ते समोर आलं तर चर्चा तिथेच तुटते. प्रत्येक बैठकीत एकाने दोन पानं मोठ्याने वाचावीत. या गद्याची लय डोळ्यांनी वाचताना अर्धीच पोचते.

नात्यांची नावं आधी फळ्यावर लिहा : मोल म्हणजे मुलगी, मोन मुलगा, मम्माची-पप्पाची आजी-आजोबा, आणि कोचम्मा हे मानाचं संबोधन आहे, आडनाव नाही.

प्रश्न (नागपूर) : शेवटाकडे जुळ्या भावंडांमध्ये जे घडतं ते वाचून पुस्तक मिटलं. लेखिकेला धक्का द्यायचा होता एवढंच दिसतं.

धक्का द्यायचा असता तर तो प्रसंग रंगवला असता. विसाव्या प्रकरणाच्या शेवटी तो काही ओळींत उरकलेला आहे, आणि त्यात सुख नाही, दोघांचं भीषण दुःख आहे असं स्पष्ट म्हटलेलं आहे. कुणावर प्रेम करावं, कसं करावं, किती करावं हे ठरवणाऱ्या नियमांचा उल्लेख पहिल्या प्रकरणापासून येतो. अम्मू आणि अस्पृश्य मानलेल्या जातीतला वेलुता यांनी जातीचा नियम मोडला आणि त्याची किंमत मोजली. ती किंमत सात वर्षांच्या दोन मुलांनीही मोजली, एकमेकांपासून तेवीस वर्षं तोडली जाऊन. म्हणून हा प्रसंग एकविसाव्या प्रकरणाच्या, अम्मू-वेलुताच्या नदीकाठच्या भेटीच्या, लगेच आधी ठेवला आहे. दोन्ही लागोपाठ एका बैठकीत वाचा. विसाव्यानंतर पुस्तक मिटलं तर उत्तर न वाचता प्रश्नपत्रिका परत केल्यासारखं होतं. हा प्रसंग कलेच्या दृष्टीने पुरता पेलला आहे का, यावर मतभेद असू शकतात. आम्हालाही वाटतं की तिथे गद्य जरा जास्तच हळू आवाजात बोलतं.

प्रश्न (कोल्हापूर) : केरळात या कादंबरीवर एवढा राग का होता?

दोन वेगळे राग होते, ते एक करू नयेत. एक नैतिक : शेवटच्या प्रकरणातल्या शरीरसंबंधाच्या वर्णनावरून तिथल्या एका वकिलाने अश्लीलतेचा खटला भरला. परजातीचा पुरुष आणि सवर्ण ख्रिस्ती बाई हे त्यातलं खरं खुपणारं होतं, असं मानायला जागा आहे. दुसरा राजकीय : गावातला कम्युनिस्ट पुढारी कॉम्रेड पिल्लै वेलुताला, आपल्याच पक्षाच्या कार्यकर्त्याला, संकटात वाऱ्यावर सोडतो. शिवाय केरळचे पहिले मुख्यमंत्री आणि कम्युनिस्ट नेते ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांच्या वाडवडिलांच्या घराचं पर्यटकांच्या हॉटेलातलं भोजनगृह झालेलं कादंबरीत दाखवलं आहे. त्यांचं खरं घर एलंकुळमला, मलबारात; कोट्टायमजवळच्या कुमरकोमशी त्याचा संबंध नाही. ही कल्पितातली मुभा होती, पण माणूस खरा आणि तेव्हा हयात. ई. एम. एस. यांनी कादंबरीवर टीका केली, आणि मार्च 1998 मध्ये ते गेले.

प्रश्न (नाशिक) : आई गेल्यावर तिच्याबद्दल असं लिहावं का? ती उत्तर द्यायला नाही.

हा प्रश्न मराठीत जुना आहे. मल्लिका अमरशेख यांच्या 1984 च्या आणि सुनीता देशपांडे यांच्या 1990 च्या आत्मकथनावर हाच वाद झाला, आणि तिथे ज्यांच्याविषयी लिहिलं ते नवरे हयात होते. म्हणजे हयातीत लिहिलं तर निर्लज्ज, नंतर लिहिलं तर भित्री. मग लिहायचं कधी?

या पुस्तकापुरतं बोलायचं तर आक्षेप घेण्याआधी दोन प्रसंग शेजारी ठेवून वाचावेत. एकात आई मुलीची आवडती कुत्री गोळी घालून मारवते, कारण ती रस्त्यावरच्या कुत्र्याबरोबर गेली. दुसऱ्यात भावाला साधारण गुण मिळाले म्हणून पट्टीने मारलं जातं आणि बहिणीचं कौतुक होतं. तेव्हापासून आपला सत्कार होतो तेव्हा दुसऱ्या खोलीत कुणाला तरी मार बसतो आहे असं लेखिकेला वाटतं. हेच पुस्तक त्या बाईने काय उभं केलं तेही सांगतं : शाळा, खटला, हजारो मुलींना मिळालेला वाटा. दोन्हींची वजाबाकी करून एक आकडा काढायचं लेखिका टाळते. आई शाळेत सर्वांना मिसेस रॉय, म्हणून पोटच्या मुलांनाही मिसेस रॉय. पुस्तकभर तेच संबोधन राहतं आणि त्या अंतरामुळे तक्रारीचा सूर चढत नाही. पहिल्या कादंबरीच्या अर्पणपत्रिकेत आईने आपल्याला प्रेमापोटी जाऊ दिलं अशा अर्थाची ओळ आहे, आणि पुस्तकातली खरी कल्पित ओळ तेवढीच, अशी भावाने थट्टा केली. सोळाव्या वर्षी दिल्लीला वास्तुशास्त्र शिकायला गेलेली आणि अठराव्या वर्षानंतर घरी जायची थांबलेली मुलगी ही थट्टा छापून टाकते, यातच तिची तटस्थता दिसते.

प्रश्न (मुंबई) : आठवणींच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लेखिका बिडी ओढताना आहे. त्यावर बंदी आली का?

नाही. तंबाखूच्या जाहिरातीला मनाई करणाऱ्या 2003 च्या कायद्याचा आधार घेऊन केरळ उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, ती ऑक्टोबर 2025 मध्ये फेटाळली गेली. चित्र केवळ प्रातिनिधिक आहे, धूम्रपानाला उत्तेजन नाही, असा खुलासा पुस्तकाच्या मागच्या बाजूला छापलेलाच होता.

प्रश्न (औरंगाबाद) : मराठीत वाचलं तर चालेल?

पहिल्या कादंबरीचा अपर्णा वेलणकर यांनी केलेला अनुवाद मेहता पब्लिशिंग हाऊसचा आहे, जरूर वाचा. मूळ इंग्रजीत लहान मुलांच्या कानाला महत्त्वाचे वाटणारे शब्द मोठ्या आद्याक्षराने छापले आहेत. देवनागरीत ती सोयच नाही, तेव्हा तो थर कुठल्याही मराठी अनुवादात पातळ होणार. इंग्रजी प्रत मिळाली तर दुसरं आणि चौथं प्रकरण तेवढं त्यातून वाचून पाहा.

प्रश्न (पनवेल) : अयेमेनेम पाहायला जाता येतं का?

येतं. कादंबरीतल्या या गावाचं प्रत्यक्ष नाव अय्मनम, कोट्टायम रेल्वे स्थानकापासून जवळच. कादंबरीतल्या 'हिस्टरी हाऊस'चा, म्हणजे नदीपलीकडच्या ओसाड घराचा, संबंध कुमरकोमच्या बेकर बंगल्याशी (हे बेकर वेगळे) जोडला जातो. तिथे आता ताजचं हॉटेल आहे. पल्लिकूडम ही चालू शाळा आहे. मुलं आत शिकत असताना फाटकावर फोटोसाठी गर्दी करू नये.

प्रश्न (सोलापूर) : हे पुस्तक वाचून माझ्या आईविषयी लिहावंसं वाटतं आहे. ती चार वर्षांपूर्वी गेली. दोन भाऊ आहेत. सुरुवात कशी करू, आणि कायद्याने अडचण येईल का?

लिहायला बसण्याआधी वर्षपट्टी करा. चार रकाने : साल, तेव्हाचं तुमचं वय, घरात कोण-कोण राहत होतं, काय घडलं. वयाचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. सहा वर्षांच्या मुलीला आई रडताना दिसते, कारण दिसत नाही. कारण तुम्हाला विसाव्या वर्षी कळलं असेल तर ते विसाव्या वर्षाच्या प्रसंगात घाला. मोठेपणची समज लहान मुलाच्या तोंडी येणं ही अशा लेखनातली सर्वांत सर्रास चूक आहे, आणि वाचकाला ती लगेच जाणवते.

मग कागद गोळा करा. शाळा सोडल्याचे दाखले, जुनं रेशनकार्ड, दवाखान्याच्या फाइल्स, पोस्टकार्डांवरचे टपालाचे शिक्के, सातबारा आणि फेरफार. आईने माहेरी हक्कसोडपत्र केलं असेल तर त्याची प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून काढा. कुणाचं नाव कधी लागलं आणि कधी कमी झालं हे फेरफारात तारखेसह असतं. घरात सांगितली जाणारी गोष्ट त्याच्याशी बहुतेक वेळा जुळत नाही, आणि लिहिण्यासारखं नेमकं तिथेच असतं.

भावांशी वेगवेगळं बोला. एकत्र बसलात तर दहा मिनिटांत मोठ्याची आठवण सगळ्यांची होते. 'आई कशी होती' असं विचारू नका. वस्तू विचारा : शिवणयंत्र कुठे ठेवलेलं असायचं, किल्ल्या कुणाच्या कनवटीला असायच्या.

पहिला खर्डा एकाच प्रसंगाचा, बाराशे-पंधराशे शब्दांचा. त्यात आईला एकही विशेषण लावायचं नाही, आणि 'आई नेहमी...' ने सुरू होणारी सगळी वाक्यं 'एकदा आईने...' अशी करायची. ज्या वाक्याला 'एकदा' सापडत नाही, ते कुणीतरी सांगितलेलं मत असतं. ते काढून टाका. खर्डा भावांना छापून द्या, दोन आठवडे द्या, आणि फक्त तपशिलाच्या चुकांवर खूण करायला सांगा. मत मागितलंत तर पुस्तक कधीच पुरं होणार नाही.

कायद्याचं असं आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली मृत व्यक्तीविषयीचा मजकूरही बदनामी ठरू शकतो, पण दोन अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात : ती व्यक्ती हयात असती तर तिच्या लौकिकाला धक्का लागला असता, आणि कुटुंबीयांच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याचाच हेतू होता. सत्य आणि सार्वजनिक हित या बचावात दोन्ही लागतं, नुसतं सत्य पुरत नाही. प्रत्यक्षात धोका मृतांपेक्षा हयात माणसांबाबत जास्त असतो : शेजारी, डॉक्टर, शिक्षक, काकाची दुसरी बायको. त्यांची नावं आणि ओळख पटेल असा तपशील बदला, आणि बदलल्याचं सुरुवातीलाच एका ओळीत सांगा. कुणाचा आजार, दत्तक जाणं, व्यसन हे पुस्तकाला खरोखर लागत नसेल तर गाळा. छापायला देण्याआधी एकदा वकिलाच्या नजरेखालून मजकूर घालणं बरं.

पत्रांबाबत बहुतेक जण फसतात. आईला आलेली पत्रं तुमच्या कपाटात आहेत, म्हणजे कागद तुमचा. मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यानंतर त्याच्या वारसांचा. मावशीचं पत्र सबंध छापायचं तर मावशीची किंवा तिच्या मुलांची लेखी परवानगी घ्या. आईने स्वतः लिहिलेल्या पत्रांवर तिच्या वारसांचा हक्क, म्हणजे तुमच्या एकटीचा नाही, दोन्ही भावांचाही. तेव्हा खर्डा त्यांच्या हातात देतानाच ती सहीही मागून ठेवा.